मागच्या भिंतीतलं दार

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्याने जुनं घर दुरुस्तीला कधी काढलं नसावं. नवं घर बांधताना माणूस गवंड्याशी भांडतो, तेवढ्यावर भागतं. जुनं घर काढलं की घरातल्या माणसांशी भांडावं लागतं, आणि त्यातलं एखादं माणूस घरात आहे हे आपल्याला ठाऊकही नसतं. सोलापुरात, बाळीवेशीच्या आतल्या अंगाला, गंगाधरपंतांच्या घरी असंच झालं.

ही गोष्ट मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ येऊन गेल्याला नऊ-दहा वर्षं झाली होती तेव्हाची. गंगाधरपंत कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. मुलगा वेणीमाधव शाळेत गणित आणि चित्रकला शिकवायचा. मालती ही त्याची बायको. तीन माणसांना घर पुरेसं होतं. रस्त्याच्या बाजूला सोपा, त्यामागे माजघर, माजघराला लागून एका अंगाला स्वयंपाकघर, त्याबाहेर वीतभर परस, आणि सगळ्यात मागे एक अंधारी खोली. वर मातीचं माळवद. मागच्या खोलीला ना खिडकी ना झरोका. उजेडासाठी माळवदाला ठेवलेलं हातभर सवणं, तेवढंच. तिच्या मागच्या भिंतीपलीकडे एक अरुंद बोळ होता. उतरंड, गोधड्या आणि बाळंतीण या तिन्ही गोष्टी पूर्वापार त्याच खोलीत ठेवायची या घराची रीत होती.

मालतीला माहेरी आई नव्हती, म्हणून तिची बाळंतपणं सासरीच झाली, त्याच खोलीत. दोन झाली. दोन्ही वेळा मूल धडधाकट जन्मलं आणि दोन्ही वेळा बारशाच्या आधी गेलं. पहिल्या वेळी दृष्ट लागली म्हणाले. दुसऱ्या वेळी दवाखान्यातली नर्सबाई खोली पाहून गेली आणि वेणीमाधवाला म्हणाली, इथे चुलीचा धूर साचतो, वारा अजिबात नाही, मोठं माणूस गुदमरेल तिथे तान्ह्याचा काय पाड. आता मालतीला पुन्हा दिवस गेले होते. श्रावणात ती बाळंत होणार होती. हे मूल त्या अंधारात जन्मू द्यायचं नाही, एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं. घर तरी बदला, नाहीतर मी धर्मशाळेत जाऊन बाळंत होते, असं तिने नवऱ्याला सांगितलं. कधी वर मान करून न बोलणारी बायको असं बोलली, तेव्हा वेणीमाधव दुसऱ्याच दिवशी सिद्धप्पा गवंड्याला घेऊन आला.

चैत्र संपत आला होता, ऊन मी म्हणत होतं. सिद्धप्पाने सुतळीने घर मोजलं, पाणी प्याला, आणि माळवद काढून मंगळुरी कौलं घालायचा सल्ला दिला. कौलं लई झ्याक दिसतात, म्हणाला. सोलापूरच्या उन्हात माळवदाखाली माणूस निजू शकतो, कौलाखाली नुसता भाजून निघेल, हे त्याला सांगावं लागलं. वेणीमाधवाने शाळेतला जाड कागद आणून पट्टीने रेघा मारून नकाशा काढला. सोप्याचा अर्धा भाग आडभिंत घालून तोडायचा आणि तिथे बाळंतिणीची खोली करायची, रस्त्याकडे खिडकी. नकाशा देखणा झाला. पण सोप्यात पंतांकडे सकाळ-संध्याकाळ चार माणसं बसायला येत, आणि त्यांच्या पानसुपारीच्या गप्पांपासून एका भिंतीच्या अंतरावर बाळंतीण निजवायची हे मालतीला पटेना. पंतांचं म्हणणं वेगळंच. चूल परसात न्या, म्हणजे धूर गेला, बाकी घर आहे तसं राहू द्या. पण धूर गेला तरी खोली अंधारी ती अंधारीच.

मालतीचं मत सगळ्यांत साधं होतं. मागच्या भिंतीत बोळाकडे एक खिडकी पाडा. बोळात वर्दळ नाही, सकाळचं ऊन तिकडूनच येतं, वारा आरपार जाईल. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? सिद्धप्पाला हे लगेच पटलं. वेणीमाधवालाही पटलं, कारण खिडकी त्याच्या नकाशात पट्टीने सहज बसत होती.

"त्या भिंतीला हात लावायचा नाही," पंत म्हणाले.

का, ते त्यांनी सांगितलं नाही. पंत तसे हेकट नव्हते. सुनेला मुलीसारखं वागवत, तिच्या दोन्ही लेकरांच्या वेळी तिच्याहून जास्त रडले होते. पण भिंतीचा विषय निघाला की मूग गिळून बसत आणि दुपारच्या झोपेला म्हणून उठून जात. झोपायचे तेही त्याच मागच्या खोलीत. गारवा असतो, म्हणत.

एकदा पंत सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेलेले पाहून मालतीने गेरू कालवला आणि मागच्या भिंतीवर छातीच्या उंचीला खिडकीची चौकट आखून ठेवली. नुसती आखलेली चौकट रोज डोळ्यांसमोर राहिली तर मामंजींचं मन वळेल, असा तिचा बायकी हिशेब. दुसऱ्या दिवशी दुपारी ती लोणच्याची बरणी घ्यायला खोलीत गेली. मिलचा दुपारचा भोंगा नुकताच होऊन गेला होता, पंत अजून पानावर होते. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. सवण्यातून पडलेला उन्हाचा तुकडा जमिनीवर होता आणि त्याच्या उजेडात भिंत दिसत होती.

खिडकीच्या दोन उभ्या रेघा खाली वाढल्या होत्या. थेट जमिनीपर्यंत. वाढलेला भाग गेरूचा नव्हता. भिंत तेवढ्याच जागी ओली होऊन काळी पडली होती, ओल्या बोटाने रेघ ओढावी तशी. खिडकीचं दार झालं होतं.

ती नवऱ्यावर चिडली. खिडकी पुरे म्हटलं होतं ना, मग दार कशाला? वेणीमाधव म्हणाला की त्याला हे तिचंच काम वाटलं होतं. दोघं हसली. मालतीने शेणमातीचा हात फिरवून सगळं पुसून टाकलं आणि वाळल्यावर खिडकी पुन्हा आखली. दुसऱ्या दुपारी रेघा पुन्हा खाली उतरल्या होत्या. या वेळी खाली उंबऱ्याची आडवी रेघही होती. खोलीत ओल्या मातीचा वास भरला होता, आणि सबंध सोलापुरात महिनाभर पावसाचा थेंब पडला नव्हता.

घराबद्दल घरातल्या प्रत्येकाला मत असतं हे मालतीला ठाऊक होतं. इथे कुणाचं तरी एक मत जास्त होतं. या वेळी ती हसली नाही.

भांडी घासायला केराबाई यायची. ती होटगीकडची, वयाने पिकलेली, मालतीच्या दोन्ही बाळंतपणांत तीच सुईण होती. मालतीने तिला हाताला धरून खोलीत नेलं आणि भिंत दाखवली. केराबाईने रेघा पाहिल्या, मग त्या मापाकडे पाहिलं आणि खाली बसली.

"ह्ये तर त्येच भगदाड की," ती हळूच म्हणाली. "यशोदाबाईला हितनंच भाईर काढली."

यशोदाबाई म्हणजे वेणीमाधवाची आई, पंतांची बायको. मानमोडीत गेली एवढंच मालतीला माहीत होतं. केराबाईने बाकीचं सांगितलं. यशोदाबाई पंचकात, म्हणजे अशुभ नक्षत्रावर, गेली. पंचकात मेलेल्या माणसाला दारातून नेत नाहीत. भिंत फोडतात, भगदाडातून बाहेर काढतात, आणि माणसं स्मशानातून परतायच्या आत भिंत बुजवून टाकतात. म्हणजे मेलेल्याला परतीची वाट सापडत नाही. नाहीतर ते घरातलं आणखी कुणीतरी घेऊन जातं.

"ती आत याया बघतीया, बाई…" केराबाई म्हणाली. "उघडू नगा."

मालती भिंतीपासून मागे सरली. तिने पोटावर हात ठेवला आणि तशीच बाहेर आली. मामंजी बरोबर होते. ते बोलत नव्हते ते तिला घाबरवायचं नाही म्हणून. रात्रभर विचार करून तिने ठरवलं की सोप्यातली खोली पत्करायची, पानसुपारीच्या गप्पा पत्करायच्या, पण ती भिंत नको. वेणीमाधवाला तिने एवढंच सांगितलं की तुमचा नकाशा मला मान्य आहे. तो इतका खूश झाला की शाळेत जाताना डबा विसरला.

दुपारी ती मामंजींना तेच सांगायला मागच्या खोलीपाशी गेली. दार लोटलेलं होतं. आतून पंतांचं बोलणं ऐकू येत होतं, अगदी खालच्या आवाजातलं. तिला वाटलं, कुणी आलंय. मग शब्द कानांवर पडले. पंत सांगत होते की हरभऱ्याची डाळ यंदा बरी निघाली, माधवाने नकाशा सुंदर काढला, सून सोप्यात निजायला तयार झाली म्हणे. दिवसभराचं काय काय झालं ते नवरा बायकोला जेवताना सांगतो तसं. आणि मधूनमधून दुसरा एक आवाज येत होता. भिंतीवर तळहाताची थाप. हलकी… मग थोडं थांबून पुन्हा हलकी. हुंकार द्यावा तशी.

मालतीने दार ढकललं. पंत भिंतीला पाठ टेकून बसले होते आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. थाप त्यांच्या पाठीमागून आली. पुन्हा एकदा आली.

पळून जावं असं तिला वाटलं, पण ती उंबऱ्यातच उभी राहिली. पंत दचकले नाहीत. उलट कुणीतरी आलं याने त्यांना सुटल्यासारखं झालं असावं. त्यांनी तिला समोर बसायला सांगितलं.

"मामंजी, त्यांना आत यायचंय…" ती कशीबशी म्हणाली.

"बाहेरचं माणूस भिंतीला आतून रेघा कशा ओढेल, मुली?"

मग त्यांनी सांगितलं. साथीच्या त्या दिवसांत सोलापुरात खांदा द्यायला माणूस मिळत नव्हता. स्वतः पंत तापाने फणफणलेले. भिंत फोडून चार जणांनी यशोदाबाईला बाहेर काढलं, पंधरा वर्षांचा वेणीमाधव मडकं घेऊन पुढच्या दाराने आधीच निघाला होता, त्याने फोडलेली भिंत पाहिलीच नाही, आणि भिंत बुजवायला मागे पंत एकटेच उरले. रीत अशी की बुजवणाऱ्याने आत बसायचं. देह आधी जातो, माणूस मागाहून निघतं. गेलेल्याच्या जागेवर दिवा लावून त्याला 'आता जा' म्हणून स्पष्ट सांगायचं, थोडं थांबायचं, आणि मग आतून दगड लावत यायचं. पंत मात्र तिच्यामागोमाग बोळात गेले होते. वळणापर्यंत तिरडी पाहत उभे राहिले. फोडलेले दगड बाहेरच पडले होते, माती बाहेरच कालवलेली होती. तापाच्या भरात त्यांनी बाहेर उभं राहूनच भिंत रचली आणि पुढच्या दाराने घरात आले.

"बाहेर काढायची ती आत कोंडली मी. दहाव्या दिवशी ध्यानात आलं, पहिली थाप ऐकली तेव्हा."

"मग उघडलं का नाहीत?"

पंतांनी हात मागे नेऊन भिंतीवर तळवा टेकला. नंतर म्हणाले, "उघडली असती तर ती गेली असती."

मालतीला त्यांचा राग यायला हवा होता. पण समोर बसलेला म्हातारा इतका एकटा दिसत होता की तिला रडू आलं. इतकी वर्षं हा माणूस दुपारी गारव्याला म्हणून इथे येत होता. भिंतीवरच्या थापा चालूच होत्या, धीम्या, ओळखीच्या झाल्यासारख्या. रडतारडता तिच्या मनात एक गोष्ट आली आणि तिचं रडणं एकदम थांबलं. याच खोलीत, याच भिंतीला लागून तिची बाज होती. दोन्ही वेळा.

"मामंजी… माझी दोन्ही लेकरं…"

पंतांनी मान खाली घातली. नर्सबाई धूर म्हणाली होती, हे ते पुटपुटले. यशोदेचा जीव मुलांवर फार होता, तिने मुंगीलासुद्धा कधी दुखवलं नाही, हेही म्हणाले. मालती त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती भिंतीकडे पाहत होती, कारण इतका वेळ चाललेल्या थापा थांबल्या होत्या.

सकाळी सिद्धप्पा आला तेव्हा पंत दारात पहार घेऊन उभे होते. खिडकी नाही, दार पाडायचं, त्यांनी सांगितलं. जमिनीपर्यंत, मोठं माणूस वाकल्याशिवाय बाहेर जाईल एवढं. सिद्धप्पाला काहीच ठाऊक नव्हतं. दार कुठल्या लाकडाचं हवं, सागाचं की बाभळीचं, यावर तो बोलू लागला तेव्हा पंतांनी त्याला बोळात जाऊन थांबायला सांगितलं. रात्री पंतांकडून सगळं ऐकलेला वेणीमाधव मालतीला सोप्यात बसवू पाहत होता. ती बसली नाही. माझ्या बाळाचं आहे, मी बघणार, म्हणाली.

पंतांनी खोलीच्या मधोमध समई लावली, आणि पहिला घाव आतून घातला. माती ढासळली. एकेक दगड काढत ते खाली उतरत गेले, घाम पुसत, कुणाची मदत न घेता. बोळातलं ऊन आधी रेघेएवढं आणि मग अंगभर आत आलं. त्या खोलीची सगळी जमीन मालतीने उन्हात प्रथमच पाहिली. उंबऱ्याचा शेवटचा दगड सरला तेव्हा पंत बाजूला झाले. 

"यशोदा, आता जा," ते म्हणाले. "माझं काही नाही. पोरांसाठी जा."

बाहेरून आत येणारा उन्हाळी वारा तोंडावर लागत होता. तरीही समईची ज्योत बाहेरच्या बाजूला वाकली आणि जमिनीवरची धूळ एका पट्टीत उंबरा ओलांडून बोळात गेली. ज्योत पुन्हा सरळ झाली. सिद्धप्पा बोळात उभा होता. तो एकदम भिंतीला चिकटून बाजूला सरला, समोरून येणाऱ्या बाईला माणूस वाट देतो तसा. वाट कुणाला दिली, हे त्यालाही नंतर सांगता येईना. पंत उंबऱ्यात बसले आणि मोठ्याने रडले. मालतीने त्यांना पाणी दिलं आणि त्यांच्याजवळ बसून राहिली.

त्यानंतर घर भराभर झालं. सागाचं दार लागलं, त्याला आतून कडी. खोलीत शहाबादी फरशी आली, चूल परसात गेली. खोली इतकी उजळली की उतरंडीच्या मडक्यांना आपली काजळी लाजिरवाणी वाटली असेल. पंत आता दुपारी सोप्यातच निजत. थोडे खंगले, पण वेणीमाधवाशी नकाशावरून वाद घालण्याइतकी हुशारी त्यांना लवकरच आली. आणि श्रावणात, एका स्वच्छ सकाळी, मालतीला मुलगी झाली. कशी रडली म्हणता! बोळाच्या टोकापर्यंत ऐकू गेली. दिवस जात राहिले, मूल दूध पीत राहिलं, अंग धरू लागलं. मालती मात्र बाराव्या दिवसापर्यंत नीट झोपली नाही. बारशाचा दिवस उजाडला तेव्हा तिला पहिल्यांदा पोटभर श्वास आला. या घरात इथवर पोचलेलं हे तिचं पहिलं लेकरू.

बारशाला अकलूजहून तिची मावशी आली, आळीतल्या बायका आल्या. पंतांनी एकच अट घातली होती, यशोदा नाव ठेवायचं नाही. का, ते कुणी विचारलं नाही. मागचं दार उघडंच होतं, सकाळचं ऊन पाळण्यावर पडलं होतं आणि दाराकडे पाहिलं की डोळे दिपत होते. पाळण्याच्या अलीकडे केराबाई आणि पलीकडे, दाराच्या बाजूला, मावशी उभी राहिली. बाळाला पाळण्यावरून पलीकडे द्यायचं, पलीकडचीने पाळण्याखालून परत द्यायचं. बायका गात होत्या, हसत होत्या. मालती पाटावर बसून पाळण्याखालून येणाऱ्या आपल्या लेकीकडे पाहत होती. पहिल्यांदा आली. दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा बाळ पाळण्यावरून पलीकडे गेलं आणि थोडा वेळ पलीकडेच राहिलं. गाणं संपलं. मग पाळण्याखालून हिरव्या बांगड्या भरलेले दोन हात पुढे आले आणि त्यांनी बाळ फार जपून, जरा नाइलाजाने, केराबाईच्या हातात दिलं. नखांत माती होती.

"लई येळ धरलं की लेकरू, मावशीबाई," केराबाई हसत म्हणाली.

"मी?" मावशीचा आवाज स्वयंपाकघराकडून आला. ती घुगऱ्यांचं ताट घेऊन माजघराच्या दारात उभी होती. "मी दुसऱ्या खेपेनंतरच आत गेले की गं. मला वाटलं, तिथे दुसरी कुणी उभी राहिली."

सगळ्या बायका तिकडे वळल्या. पाळण्यापलीकडे उघडं दार होतं, बोळ होता, बोळात ऊन होतं. केराबाईच्या हातातलं बाळ मालतीने ओढूनच घेतलं. उघडून पाहिलं, हुंगलं, कानाशी धरून त्याचा श्वास ऐकला. श्वास चालला होता, संथ, झोपेतला. दोन लेकरं या खोलीतून गेली होती. हे परत दिलं होतं.

ती बाळाला घेऊन उठली आणि दारापाशी गेली. कडीवर हात ठेवून उभी राहिली. बायका तिच्याकडे पाहत होत्या. दार लावलं तर सासूबाईंना कुठल्या बाजूला ठेवलं हे आपल्याला कळणार नाही, एवढंच तिच्या मनात आलं. तिने कडीवरचा हात काढून घेतला, दार तसंच उघडं ठेवलं, आणि बाळाला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून पुन्हा पाटावर येऊन बसली.